लहान मुलांचे जुलाब: जंतू शोधण्याआधी काय करायचं, आणि मग जंतू कसा ताडायचा

बाळाला जुलाब सुरू झाले की घरात पहिला प्रश्न येतो, "कसला जंतू असेल?" पाठोपाठ दुसरा, "अँटिबायोटिक सुरू करायचं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि जंतू कुठलाही असला तरी पाणी भरून काढायची रीत एकच आहे. म्हणून आधी शोष किती पडला आहे ते पाहायचं, लगेच पाणी भरायला घ्यायचं आणि ते चालू असताना जंतूचा अंदाज बांधायचा. हा क्रम उलटा झाला की तपासणीचा कागद हातात येईपर्यंत मूल मलूल होऊन बसतं.

पुढच्या पायऱ्या साधारण पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत. मूल दोन महिन्यांहून लहान असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतलं असून ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, तर घरी पायऱ्या मोजत बसू नका. ओआरएस (क्षार आणि ग्लुकोजची पूड विरघळवलेलं पाणी) पाजत त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

## आधी हाताशी काय हवं

जुलाब रात्री दोनला सुरू होतात, त्यामुळे तयारी आधीच करून ठेवलेली बरी.

- ओआरएसच्या दोन-तीन पुड्या. एक लिटरची पुडी असेल तर वेष्टनावर घटक असे दिसले पाहिजेत: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधं मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, म्हणजे एकूण २०.५ ग्रॅम. पुडी लहान असेल तर सगळे आकडे त्याच प्रमाणात कमी असतील.
- खुणा असलेलं मापाचं भांडं. अंदाजाने घेतलेला 'मोठा ग्लास' चालत नाही.
- ५ मिलीचा चमचा आणि लहान वाटी किंवा कप.
- थर्मामीटर.
- मुलाचं ताजं वजन. ते लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.
- कागद आणि पेन.

कागदावर चार रकाने आखा: वेळ, शी कशी, उलटी, लघवी. "सकाळपासून खूप वेळा झाली" यातून डॉक्टरला फारसं काही कळत नाही. "सहा तासांत सात वेळा, पाण्यासारखी, शेवटची लघवी चार तासांपूर्वी" यातून बरंच कळतं.

तपासा: पुडीवर 'ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स' लिहिलं आहे की नुसतंच 'एनर्जी' किंवा 'हायड्रेशन ड्रिंक'? गोड पेयांत साखर जास्त आणि सोडियम कमी असतं. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

## १. हे खरोखर जुलाब आहेत का?

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शी, किंवा त्या मुलाच्या रोजच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वेळा, ही जुलाबाची नेहमीची व्याख्या. त्यात 'पातळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. घट्ट शी पाच वेळा झाली तर ते जुलाब नव्हेत.

फक्त अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पिवळी, सैल, दाणेदार शी करू शकतं. ते खेळतंय, पितंय, वजन वाढतंय, तर तो आजार नाही. एरवीचा नमुना बदलून शी अचानक पाण्यासारखी झाली की सावध व्हा.

आणखी एक गफलत कायम होते. पातळ शी दिसली की आजार आतड्यातच आहे असं धरून चालतात. लहान मुलांत लघवीचा संसर्ग, कानाचा संसर्ग, न्यूमोनिया, मलेरिया यांतही जुलाब आणि उलट्या होतात. जुलाब थोडेच पण ताप मोठा, किंवा श्वास जोरात चालतोय, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

इशारा: मूल थांबून थांबून किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मधल्या वेळात गळून पडतं आणि शीत लाल जेलीसारखं काही येतं, तर तो जंतुसंसर्ग नसून आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. सहा महिने ते तीन वर्षं या वयात हे जास्त दिसतं. तडक रुग्णालय गाठा.

## २. शोष किती पडलाय ते मोजा

चार गोष्टी पाहायच्या, याच क्रमाने.

वागणं. मूल नेहमीसारखं आहे, चिडचिडं आणि अस्वस्थ आहे, की मलूल, हाक मारल्यावरही न बघणारं?

डोळे. खोल गेलेत का? काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात, म्हणून रोज बघणाऱ्या माणसाला विचारा, "नेहमीपेक्षा वेगळे वाटतात का?"

तहान. चमच्याने पाणी द्या आणि निरखा. नेहमीसारखं पितं, अधाशासारखं चमच्यावर झेप घेतं, की ओठांतून पाणी ओघळतं आणि गिळतच नाही?

त्वचेची चिमट. ही सर्रास चुकीची घेतली जाते. मुलाला पाठीवर झोपवा, हात अंगाशी सरळ. बेंबी आणि पोटाची कड यांच्या बरोबर मधली जागा निवडा. अंगठा आणि तर्जनीच्या बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, त्वचा आणि तिच्याखालचा थर दोन्ही उचला. चुणी अंगाच्या लांबीच्या दिशेने उभी आली पाहिजे, आडवी नको. एक सेकंद धरा आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. क्षणभर चुणी दिसली तर 'हळू'. दोन सेकंदांहून जास्त टिकली तर 'फार हळू'. हाताच्या पाठीवर किंवा गालावर चिमट घेऊन काही कळत नाही. अगदी हडकुळ्या मुलात चुणी एरवीही टिकते आणि गुटगुटीत बाळात शोष असूनही पटकन मिटते, म्हणून एकट्या चिमटीवर निर्णय नको.

आता निकाल:

- गंभीर शोष: मलूल किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पिता येत नाही, चिमट फार हळू मिटते. यांतली दोन लक्षणं पुरेत. मुलाला सलाईन लागणार. लगेच निघा. शुद्धीवर असून गिळत असेल तर वाटेत ओआरएस चालू ठेवा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नका.
- मध्यम शोष: अस्वस्थ, डोळे खोल, अधाशी तहान, चिमट हळू मिटते. यांतली दोन असतील तर पुढचे चार तास मोजून ओआरएस, शक्यतो दवाखान्यात किंवा डॉक्टरच्या नजरेखाली.
- शोष नाही: वरचं काहीच ठळक नाही. घरी सांभाळता येईल.

दोन दिवसांपूर्वीचं वजन लिहिलेलं असेल तर त्याच काट्यावर, कपडे काढून पुन्हा करा. ८ किलोच्या बाळाचं ४०० ग्रॅम कमी भरलं तर ते ५ टक्के झालं, आणि तेवढं सगळं पाणी गेलंय असं समजायला हरकत नाही. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर शोष गंभीर.

## ३. पाणी भरा: ओआरएस बनवणं आणि पाजणं

### बनवताना

१. हात साबणाने धुवा.
२. उकळून गार केलेलं पाणी मापाच्या भांड्यात, पुडीवर लिहिलं असेल तितकंच घ्या.
३. पूर्ण पुडी एकदम टाका आणि विरघळेपर्यंत ढवळा.
४. झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेलं फेकून नवं करा.

अर्धी पुडी अर्ध्या लिटरला, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण पुडीतली पूड एकजीव नसते. अर्ध्या भागात मीठ जास्त आणि ग्लुकोज कमी येऊ शकतं. पूर्ण पुडी करा, उरलेलं पाणी टाकून दिलं तरी चालेल.

याहून घातक चूक म्हणजे लिटरची पुडी एका ग्लासात, २०० मिलीत, कालवणं. लिटरमध्ये कालवलेल्या ओआरएसची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, २४५ असते आणि सोडियम ७५ मिलिमोल. ग्लासात हे दोन्ही पाचपट होतात. बाळाच्या रक्तातलं सोडियम चढतं, मूल आणखी तहानतं, आपण तेच आणखी पाजतो आणि प्रकरण झटक्यांपर्यंत जाऊ शकतं. उलट दोन लिटरमध्ये पातळ केलं तर क्षार भरून निघत नाहीत. चव लागावी म्हणून वरून साखर, दूध, फळांचा रस घालू नका, आणि तयार ओआरएस उकळू नका.

पुडी नाहीच मिळाली तर तोवरचा उपाय: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चाखून बघा, अश्रूंहून खारट लागलं तर फेका आणि पुन्हा करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून पुडी मिळाली की ती सुरू करा.

### पाजताना

शोष नसेल तर प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन वर्षांवरच्याला १०० ते २०० मिली.

मध्यम शोष असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोला ७५ मिली, चार तासांत. ८ किलोच्या बाळाला ६०० मिली. आकडा ऐकून पालक दचकतात, म्हणून तो चमच्यांत मोडून पाहू. ६०० मिली म्हणजे ५ मिलीचे १२० चमचे. चार तास म्हणजे २४० मिनिटं. दर दोन मिनिटांना एक चमचा. इतकंच आहे, फक्त ते चार तास कुणीतरी चमचा घेऊन बसून राहावं लागतं. मूल आणखी मागत असेल तर आणखी द्या. अंगावरचं दूध मध्ये मध्ये चालूच राहील.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा, आधीपेक्षा सावकाश सुरू करा. "पाजलं की उलटतंय, म्हणजे पोटात काही राहत नाही" हे बहुधा बाटलीने गटागटा पाजल्यामुळे होतं. चमच्या-चमच्याने दिलेलं बरंचसं आत राहतं, उलटी दिसते त्याहून जास्त.

तपासा: चार तासांनी पायरी २ पहिल्यापासून पुन्हा करा. शोष गेला असेल तर प्रत्येक शीमागे मोजून द्या. तसाच असेल तर आणखी चार तास. वाढला असेल तर रुग्णालय.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. दिवसभर पाजूनही शी तशीच होते म्हणून लोक ते बंद करतात, आणि नेमकं तिथेच बिघडतं. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी एक वाट असते. जंतूंचं विष पाणी बाहेर फेकत असतानाही ती वाट उघडी राहते, आणि ओआरएस त्या वाटेने पाणी आत नेतं. गळकी टाकी भरत राहण्याचा हा प्रकार आहे. गळती आपली आपण काही दिवसांत थांबते. ओआरएस लागू पडतंय का हे शीवरून ओळखू नका, लघवी आणि मुलाचा चेहरा बघा.

## ४. आता जंतूचा अंदाज

इथे चार धागे एकत्र बघायचे: शी कशी दिसते, उलटी आणि ताप कुठल्या क्रमाने आले, संपर्क कधी झाला असावा आणि किती दिवस चाललंय. एकट्या धाग्यावर विसंबलात तर फसाल. शी हिरवी आहे म्हणजे अमुक जंतू, हा समज तर सोडूनच द्या. हिरवा रंग पित्ताचा असतो. शी घाईने पुढे सरकली की रंग बदलायला वेळ मिळत नाही.

### पाण्यासारखी शी, रक्त नाही

बहुतेक मुलं या गटात असतात आणि त्यांतली बरीच विषाणूंची.

रोटाव्हायरस. आधी उलट्या आणि ताप, मग एक-दोन दिवसांत भरपूर पाण्यासारखे जुलाब, तीन ते आठ दिवस. संपर्कानंतर साधारण दोन दिवसांत सुरुवात. सहा महिने ते दोन वर्षं या वयात जास्त जोरकस. हा विषाणू लहान आतड्यातल्या बारीक लव्हाळीसारख्या अंकुरांचे शेंडे खातो. दूध पचवणारं लॅक्टेज तिथेच तयार होतं, म्हणून काही मुलांना नंतर थोडे दिवस दूध पचायला जड जातं.

नोरोव्हायरस. उलट्या अचानक आणि जोरात, बारा ते अठ्ठेचाळीस तासांत सुरुवात, एक ते तीन दिवसांत आटोपतं. घरातले मोठेही एकापाठोपाठ आडवे झाले तर आधी याचं नाव घ्या.

अ‍ॅडेनोव्हायरस ४० आणि ४१. उलट्या कमी, पण जुलाब आठवड्याहून जास्त रेंगाळू शकतात. संपर्क आठ-दहा दिवसांपूर्वीचा असतो, म्हणून "काल काय खाल्लं?" याचा इथे उपयोग नाही.

विष सोडणारे ई. कोलाय आणि कॉलरा. हे जिवाणू आतडं फाडत नाहीत, विषाने पाणी बाहेर काढायला लावतात. ताप नाही किंवा नावाला. तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी, प्रचंड शी आणि काही तासांत मूल खंगलेलं, हे कॉलराचं चित्र. अशा वेळी एक मिनिटही घरी नको.

जेवणानंतर एक ते सहा तासांतच उलट्या सुरू झाल्या, एकाच पदार्थाचे सगळे खाणारे आजारी पडले, तर अन्नात आधीच तयार झालेलं विष बहुधा कारण असतं. हा संसर्ग नाही. साधारण दिवसभरात उतरतो.

### रक्त किंवा आव

शिगेला. पहिला दिवस पाण्यासारखी शी आणि मोठा ताप, मग थोडी थोडी, वारंवार, रक्त आणि शेंबडासारखी आव. मूल कुंथत बसतं आणि बाहेर चमचाभरच येतं. काहींना तापात झटके येतात. शे-पन्नास जिवाणूही पुरतात, म्हणून एका मुलाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातो.

कॅम्पायलोबॅक्टर. संपर्कानंतर दोन ते पाच दिवसांनी ताप आणि पोटात कळा, रक्त असेल किंवा नसेल. अर्धकच्चं कोंबडीचं मांस, कच्चं दूध, प्राण्यांचा संपर्क विचारा. साल्मोनेला जवळपास असाच. त्यात अंडी आणि सरपटणारे पाळीव प्राणीही विचारात घ्या.

शिगा-विष सोडणारे ई. कोलाय, त्यांत ओ१५७ मुख्य. पोटात जोराच्या कळा, आधी पाणी मग रक्त, आणि ताप फारसा नाही. रक्त आहे पण ताप नाही, ही जोडी दिसली की हा जंतू आठवायचाच. जुलाब सुरू झाल्यापासून साधारण आठवडाभरात काही मुलांची मूत्रपिंडं बिघडतात, रक्तपेशी फुटतात. जुलाब ओसरत असताना मूल फिकट पडलं, लघवी कमी झाली, चेहरा सुजला, अंगावर जांभळे ठिपके आले, तर त्याच दिवशी रुग्णालय.

अमीबा. लहान मुलांच्या रक्ताच्या शीत याचं नाव घेतलं जातं त्या मानाने तो खूप कमी वेळा खरा असतो.

### दोन आठवडे होत आले

इथे परजीवी आठवायचे. जिआर्डिया: दुर्गंधी, तेलकट, तरंगणारी शी, पोट फुगलेलं, भूक नाही, रक्त नाही, ताप नाही. संपर्क एक ते तीन आठवड्यांपूर्वीचा. क्रिप्टोस्पोरिडियम: दोन वर्षांखालच्या आणि कुपोषित मुलांत रेंगाळतो. नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही, उकळण्याने मरतो.

दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतल्या सात ठिकाणी झालेल्या 'जेम्स' या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१३ साली आले, मध्यम ते तीव्र जुलाबांमागे चार जंतू पुढे होते: रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, विष सोडणारे ई. कोलाय आणि शिगेला. अंदाज बांधताना हे चौघे डोळ्यांसमोर असू द्या.

## ५. शीची तपासणी: कधी आणि कशी

रक्त नाही, मूल बऱ्यापैकी आहे, तीन दिवस झालेत: तपासणीने उपचार बदलणार नाही, तर करू नका. करायची ती अशा वेळी: शीत रक्त, तापासह तीन महिन्यांखालचं बाळ, जुलाब दोन आठवड्यांकडे झुकलेले, प्रतिकारशक्ती कमी, कॉलराची शंका, किंवा पाळणाघरात अनेक मुलं एकदम आजारी.

१. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्या.
२. कोरडी, स्वच्छ, घट्ट झाकणाची डबी. जंतुनाशकाने धुतलेली नको.
३. डायपर शीतलं पाणी शोषून घेतो आणि उरतो तो निरुपयोगी चोथा. डायपरच्या आत प्लॅस्टिकचा पातळ कागद लावा. लघवी मिसळू देऊ नका.
४. रक्त किंवा आव असलेला भाग निवडून एक-दोन चमचे भरा.
५. तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत द्या. शिगेला बाहेर लवकर मरतो, आणि अमीबाचं हलतं रूप गार झालं की ओळखू येत नाही. परजीवींसाठी वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागतात, ते याचसाठी की ते रोज सापडत नाहीत.

अहवाल वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. नुसतं 'ई. कोलाय वाढले' याला अर्थ नाही, साधे ई. कोलाय सगळ्यांच्या आतड्यात असतात. 'अमीबाच्या सिस्ट (कवचातलं सुप्त रूप) दिसल्या' यावरून आजार ठरत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी भाऊबंद हुबेहूब तसेच दिसतात. आणि पीसीआरच्या यादीत चार जंतू एकदम आले तर चारही दोषी नसतात. ती तपासणी जंतूचा जनुकीय अंश पकडते, आजाराचं कारण नाही. वर्षाखालच्या बाळात 'सी. डिफिसिल' हे जिवाणू सापडले तरी घाबरू नका. त्या वयात ते अनेकदा आजाराविना असतात.

## ६. औषधं

झिंक द्यायचं. सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. विरघळणारी गोळी चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा स्वच्छ पाण्यात विरघळवा. चौथ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून झिंक बंद करणं ही नेहमीची चूक.

अँटिबायोटिक विषाणूंवर काहीच करत नाही, उलट स्वतः जुलाब लावू शकतं. ते लागतं ताप आणि रक्ताच्या आवेत, कॉलरात, अगदी लहान बाळाच्या साल्मोनेलात. आणि ते डॉक्टरने निवडायचं. शिगा-विषाच्या ई. कोलायची शंका असेल तर ते टाळतात, कारण मूत्रपिंडांचा धोका वाढू शकतो. मेट्रोनिडाझोल 'असू द्या म्हणून' देण्यात काही अर्थ नाही. ते जिआर्डिया आणि अमीबासाठी आहे, शिगेलासाठी नाही. मागच्या वेळची उरलेली बाटली तर उघडूच नका.

इशारा: शी थांबवणारं लोपेरामाइड लहान मुलांना देऊ नका. आतड्याची हालचाल थांबली की शी आतच साठते, पोट फुगतं, आणि बाहेरून मात्र 'बरं झालं' असं दिसतं.

## ७. खाणं

थोडक्यात सांगायचं तर उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध जास्त वेळा द्या. डब्याचं दूध पातळ करू नका. शोष भरून निघाला की नेहमीचं मऊ अन्न थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. दूध सरसकट बंद करायची गरज नसते. दूध घेतल्यावर दर वेळी जुलाब स्पष्ट वाढतात आणि गुदद्वाराभोवती कातडी लाल होते, असं दिसलं तर डॉक्टरशी बोला.

## ८. घरात पसरू देऊ नका

१. डायपर बदलल्यावर, शी धुतल्यावर आणि चमचा हातात घेण्याआधी साबण आणि पाण्याने किमान २० सेकंद हात धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला नोरोव्हायरस फारसा जुमानत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम तर मुळीच नाही.
२. सांडलेली शी किंवा उलटी आधी कागदाने पूर्ण उचला, साबणाने पुसा आणि मगच ब्लीच लावा. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपतं.
३. ५ टक्के ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे ४९ भाग मिळून ०.१ टक्के होतं. फरशी आणि खेळण्यांना हे पुरतं. जिथे शी-उलटी सांडली तिथे एकास नऊ, म्हणजे ०.५ टक्के. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्याने पुसा. ताजं करा, आणि अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.
४. डायपर बदलायची जागा आणि अन्न करायची जागा वेगळी ठेवा. आजारी मुलाची शी काढणाऱ्याने शक्यतो स्वयंपाक करू नये.
५. शेवटचा जुलाब किंवा उलटी होऊन ४८ तास गेल्याशिवाय पाळणाघरात पाठवू नका. शिगेला किंवा ओ१५७ निघाला असेल तर परत पाठवण्याआधी डॉक्टरला विचारा. क्रिप्टोस्पोरिडियम असेल तर जुलाब थांबल्यावर दोन आठवडे पोहायला नेऊ नका.

रोटाव्हायरसची लस तोंडाने देतात आणि पहिला डोस सहा आठवड्यांपासून देता येतो. उशीर झाला तर एका ठराविक वयानंतर ती सुरू करत नाहीत, म्हणून तारीख चुकवू नका. लस घेतलेल्या मुलालाही जुलाब होतील, कारण बाकीचे जंतू आहेतच. रोटाव्हायरसचा जोर मात्र बराच कमी होतो.

## ९. रोज संध्याकाळी कागद काढून बघा

- सहा-आठ तासांत लघवी झाली का?
- शीत रक्त नव्याने आलं का?
- प्रत्येक घोट उलटतोय का, किंवा उलटी हिरवी आहे का?
- ताप उतरून पुन्हा चढला का?
- मूल पिणं सोडून झोपेतच राहतंय का?

पहिल्या प्रश्नाला 'नाही' किंवा बाकी कुठल्याही प्रश्नाला 'हो' आलं, तर सकाळची वाट पाहू नका. सातव्या दिवशीही जुलाब चालू असतील तर दाखवून या. चौदावा दिवस ओलांडला की ते 'रेंगाळलेले जुलाब' होतात. तेव्हा नुसतं ओआरएस पुरत नाही: वजन, शीची परजीवींसाठी तपासणी आणि आहार तिन्ही नव्याने बघावे लागतात. डॉक्टरकडे जाताना पहिल्या दिवसापासूनचा हाच कागद बरोबर न्या.